आईला दवाखान्यापर्यंत न्यायला सात महिने लागले

हे लिहायचं बरेच दिवस मनात होतं, पण एप्रिल ते जुलै आमच्याकडं शिलाईत युनिफॉर्मचा सीझन, मशीनवरून मान वर काढायला मिळत नाही. आता जरा काम उतरलंय म्हणून लिहिते. आमच्यासारख्या घरातल्या कुणी वाचलं आणि एका जरी बाईचा बीपी वेळेत मोजला गेला तर बरं होईल, म्हणून सगळं सविस्तर सांगते, कागदपत्रांसकट.

माझी आई विडी कामगार. सोलापूरच्या पूर्व भागात हे वेगळं सांगायला लागत नाही, आमच्या गल्लीत तर सूप मांडीवर घेऊन बसलेली बाई घरोघरी दिसते. आई बारा-तेरा वर्षांची असल्यापासून वळतेय, आता अठ्ठावन्न पूर्ण. वडील गिरणीत होते, गिरणी बंद पडली आणि त्यानंतर घर चाललं ते आईच्या बोटांवर. तिचा दिवस असा की पहाटे नळ आला तर आधी पाणी (आमच्याकडं रोज येत नाही, ज्या दिवशी येतो त्या दिवशी बाकी सगळं बाजूला), मग कालच्या विड्यांचे कट्टे बांधायचे, सकाळी कारखान्यात नेऊन द्यायचे, तिथं मोजणी होणार, छाट (नापास विड्या) निघणार, मग नवीन पान-तंबाखू घेऊन घरी यायचं, पान भिजवायचं, पत्रा ठेवून कात्रीनं कापायचं आणि जेवण झाल्यापासून रात्री मालिका संपेपर्यंत वळत बसायचं. दिवसाला सात-आठशे होतात, पूर्वी हजार व्हायच्या. आणि दातांना मिश्री, सकाळ-संध्याकाळ.

हे आधीच सांगितलं कारण पुढचं सगळं ह्या वेळापत्रकावरच अडलं.

2024 च्या श्रावणात आशाताई (वस्तीतल्या आरोग्य कार्यकर्त्या) घरी आल्या. त्यांना तीस वर्षांच्या वरच्या प्रत्येक माणसाचा एक फॉर्म भरायचा असतो, सीबॅक म्हणतात त्याला. वय किती, तंबाखू-मिश्री आहे का, दारू आहे का, कमरेचा घेर, चालणं-फिरणं होतं का, घरात कुणाला शुगर-बीपी आहे का, एवढेच प्रश्न, आणि प्रत्येकाला मार्क. चारच्या वर मार्क गेले की त्या माणसाची तपासणी आधी करायची. आईचे आठ झाले. अठ्ठावन्न वयाचे तीन, मिश्रीचे दोन, दिवसभर बसून काम म्हणून एक, आणि आजीला शुगर होती त्याचे दोन. आई म्हणाली, "मला काय धाड भरलीय? दोन वेळा जेवते, काम करते." आशाताईंनी वाद नाही घातला, बुधवारी समाजमंदिरात सिस्टर येणार आहेत, पाच मिनिटांचं काम आहे, विड्या देऊन परत येताना या, एवढंच म्हणाल्या. त्यांना तेलुगू येतं, त्यामुळं शेजारच्या अक्काशी त्या तेलुगूत बोलल्या आणि अक्का जाणार म्हटल्यावर आई पण गेली. हे भाषेचं फार महत्त्वाचं आहे हां, आमच्या गल्लीत अर्ध्या घरात पद्मशाली समाज, म्हाताऱ्या बायकांना मराठी कळतं पण दुखणं सांगायचं म्हटलं की तोंडात तेलुगूच येतं.

बीपी निघालं 186 वर 104. बोटाला टोचून शुगर बघितली, 274. सिस्टरनी टॉर्च लावून तोंड बघितलं तर गालाच्या आतल्या बाजूला पांढरा चट्टा. छातीची आणि गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी पण ह्याच कार्यक्रमात असते, त्याला आई सरळ नाही म्हणाली. चिठ्ठी मिळाली नागरी आरोग्य केंद्राची, उद्याच्या उद्या जा, डॉक्टर गोळ्या चालू करतील, सगळं फुकट आहे.

ती चिठ्ठी देवाच्या फोटोमागं सात महिने राहिली.

लोक म्हणतात गरिबांना जाणीव नाही. मला हे वाक्य ऐकलं की फार राग येतो. आईला जाणीव होती, घाबरली पण होती, रात्री मला फोन करून दोनदा विचारलं की 186 म्हणजे किती जास्त. पण केंद्राची ओपीडी सकाळी आणि कारखान्यात विड्या द्यायची वेळ पण सकाळीच. विड्या दिल्या नाहीत तर त्या दिवसाचं पान-तंबाखू मिळत नाही म्हणजे दुसऱ्या दिवसाची मजुरी पण गेली, एका फेरीला दोन दिवसांचं नुकसान. शुगर उपाशीपोटी आणि जेवून दोन्ही बघायची म्हटलं तर अख्खा दिवस. वर रिक्षाचं भाडं येऊन-जाऊन दीडशे. माझं पण तसंच, मी शिलाईवर पीसवर काम करते, अर्धा दिवस गेला की तेवढे पीस गेले. भाऊ पुण्यात. सगळ्यांनी एकमेकांना "पुढच्या आठवड्यात जाऊ" म्हणत गणपती गेले, दसरा-दिवाळी गेली, जानेवारीतली सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा पण झाली. आईला दुखत काहीच नव्हतं ना, हा बीपी-शुगरचा मोठा धोका आहे, दुखत नाही त्यामुळं माणूस ढकलत राहतो.

इथं एक गोष्ट मांडावीशी वाटते. मी जिथं काम करते तिथल्या मालकांच्या आई माझ्या आईच्याच वयाच्या, त्यांना पण बीपी-शुगर. त्यांच्या घरी दर महिन्याला लॅबचा मुलगा येऊन रक्त घेऊन जातो, रिपोर्ट मोबाईलवर. चांगली माणसं आहेत ती, आम्हाला अडीअडचणीला मदत करतात, त्यांच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण एकाच शहरात, एकाच वयाच्या दोन बायका, एकच आजार, आणि एकीला रक्त तपासायला दारात माणूस येतो आणि दुसरीला त्यासाठी दोन दिवसांची मजुरी सोडावी लागते. गोळी तर दोघींची तीच आहे, अम्लोडिपिन, बीपीची स्वस्तातली गोळी.

फेब्रुवारी 2025 मध्ये आईला दम लागायला लागला. जिना चढली की थांबायची, जबडा दुखतो म्हणायची, एकदा सकाळी कारखान्यातून येताना रस्त्यात घामानं भिजली. ती म्हणाली पित्त आहे. ओवा खाल्ला, सोडा प्याली, कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडून इंजेक्शन घेतलं. आम्हाला वाटायचं हार्टचा त्रास म्हणजे छातीत कळ येणार, डावा हात धरून माणूस खाली बसणार. बायकांना, त्यातून शुगर असलेल्या बायकांना, तसं होईलच असं नाही. नुसता दम, जबड्यात-पाठीत दुखणं, मळमळ, घाम, थकवा, एवढंच असू शकतं. हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं, आधी माहीत असतं तर ओव्यात चार दिवस घालवले नसते.

शेवटी एका रात्री अक्कानंच दार वाजवून मला बोलावलं, म्हणाली तुझी आई बसूनच झोपलीय, आडवं होता येईना तिला. रिक्षा केली आणि सरकारी दवाखान्यात नेलं. तिथं लगेच ईसीजी काढला, रक्त घेतलं, गोळ्या चघळायला दिल्या, ऑक्सिजन लावला. रात्रीच्या तरुण डॉक्टर मुलीनं मला बाजूला घेऊन नीट सांगितलं की हार्टला रक्त कमी पडतंय, अँजिओग्राफी करावी लागेल, योजनेत होईल, राशनकार्ड आणा. मी म्हटलं कुठली योजना.

तर ती महात्मा फुले जन आरोग्य योजना. आणि मला नंतर कळलं की ही योजना 2 जुलै 2012 ला राजीव गांधी जीवनदायी ह्या नावानं सुरू झाली तेव्हा पहिल्या टप्प्यात राज्यातले फक्त आठ जिल्हे होते आणि त्यात आपलं सोलापूर होतं. म्हणजे बाकी महाराष्ट्राच्या आधीपासून आमच्या गावात आहे, आणि बारा वर्षं आमच्या गल्लीत कुणाला नीट माहीत नाही! पिवळं-केशरी कार्ड असेल त्यांना आधी दीड लाखापर्यंत होती, आता जुलै 2024 पासून सगळ्याच राशनकार्डवाल्यांना वर्षाला कुटुंबामागं पाच लाखांपर्यंत. अँजिओप्लास्टी, म्हणजे हार्टची बंद नस उघडणं, त्यात बसते, स्टेंटसकट (नस उघडी ठेवणारी जाळी).

दुसऱ्या दिवशी योजनेतल्या एका खाजगी हॉस्पिटलात हलवलं. नाव लिहीत नाही. काउंटरवरच्या माणसानं पहिल्यांदा वीस हजार डिपॉझिट मागितलं, म्हणाला योजनेचं नंतर बघू, मंजूर झालं तर परत मिळेल. माझ्याकडं चार हजार होते. भाऊ पुण्याहून निघाला होता, तो म्हणाला दे कुणाकडून तरी उसने घेऊन. मी घेणारच होते, तेवढ्यात शेजारच्या बाकावर बसलेल्या मंद्रूपकडच्या एका मामांनी सांगितलं, ताई पैसे भरू नका, आत आरोग्यमित्र म्हणून योजनेचा माणूस बसतो, त्याला भेटा. योजनेतल्या प्रत्येक हॉस्पिटलात आरोग्यमित्राचं टेबल असतं, आम्हाला ते दिसलंच नव्हतं, जिन्याच्या मागं होतं. आणि 155388 हा योजनेचा टोल फ्री नंबर, तो पण मामांनीच दिला. आरोग्यमित्रानं कागद हातात घेतले आणि डिपॉझिटचा विषय तिथंच संपला. योजनेतल्या उपचाराला हॉस्पिटलनं पैसे मागायचेच नाहीत असा नियम आहे, पण नियम माहीत नसलेला माणूस भरून मोकळा होतो, आणि तो बहुतेक वेळा उसने आणूनच भरतो.

खरी परीक्षा कागदांची होती. राशनकार्ड वडिलांच्या नावावर, ते जाऊन नऊ वर्षं झाली. आईचं नाव कार्डावर "बाई" लावून, आधारवर "बाई" नाही. बारा अंकी ऑनलाईन नंबर आमच्या कार्डाला आहे का नाही हेच आम्हाला माहीत नव्हतं, नशिबानं होता, राशन दुकानदारानं फोनवर शोधून दिला. मग बोटाचा ठसा. आईचा अंगठा उमटेना. उजवा नाही, डावा नाही, दहा बोटं झाली. पंचेचाळीस वर्षं पान आणि दोरा फिरवून तिच्या बोटांच्या टोकावरच्या रेषाच गुळगुळीत झाल्यात. राशनला पण हाच त्रास होतो, तिथं मी जाते. आई त्या मशीनकडं बघत हळूच म्हणाली, "माझं बोट हाय की हे, दुसऱ्या कुणाचं हाय का?" मला तिथं रडू आलं, अजून आठवलं की येतं.

आरोग्यमित्र चांगला मुलगा होता, विडी कामगारांचं असं होतं त्याला माहीत होतं. त्यानं मोबाईलच्या ओटीपीवर काम केलं, पण आधारला लिंक नंबर भावाचा आणि भाऊ एसटीत टेंभुर्णीच्या पुढं, रेंज नाही. अर्धा-पाऊण तास ओटीपीची वाट बघितली. आला शेवटी. नावाच्या फरकासाठी आईचं विडी कामगार ओळखपत्र पण जोडलं. तातडीची केस असेल तर फोनवर कळवून उपचार सुरू करता येतात आणि कागद मागाहून दिले तरी चालतात, हे पण त्यानंच सांगितलं, म्हणजे कागदासाठी पेशंटला ताटकळत ठेवायची गरज नसते. हे लक्षात ठेवा.

अँजिओग्राफीत एक नस जवळजवळ बंद निघाली. संध्याकाळपर्यंत मंजुरी आली, दुसऱ्या दिवशी सकाळी स्टेंट टाकला. चार दिवस आई तिथं होती, जेवण योजनेतूनच, औषधं योजनेतून, घरी जायचं एसटीचं भाडं पण योजनेत मिळतं हे ऐकून आईला सगळ्यात जास्त आश्चर्य वाटलं. आमचे खिशातून गेले ते रिक्षा, चहा-नाश्ता, झेरॉक्स आणि बुडालेली मजुरी. बुडालेली मजुरी कुठल्याच योजनेत बसत नाही.

त्या चार दिवसांत तोंडातल्या चट्ट्याचं पण मी विचारून घेतलं. सरकारी दवाखान्यात दाखवा म्हणाले, घरी आल्यावर दोन आठवड्यांनी नेलं, आधी डॉक्टरांना रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत ते सांगितलं, मग त्यांनी बघून छोटा तुकडा काढला. रिपोर्ट यायचे दहा दिवस फार वाईट गेले. कॅन्सर नाही निघाला. पण मिश्री चालू ठेवली तर पुढं होऊ शकतो असं स्पष्ट सांगितलं आणि दर तीन महिन्यांनी दाखवायचं. मिश्री सुटायला स्टेंटपेक्षा जास्त त्रास झाला. पहिला महिना आई चिडचिड करायची, डोकं दुखतं म्हणायची, आणि हातात दिवसभर तंबाखूच, त्याच्या वासात बसून तंबाखू सोडायची म्हणजे काय असेल ते तिलाच माहीत. आता बडीशेप खाते. दोनदा परत लावली होती, मला कळलं, मी काही बोलले नाही.

घरी आल्यावरचा भाग कुणी सांगत नाही. स्टेंट टाकला म्हणजे झालं असं नसतं, रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या रोज, डॉक्टर सांगेपर्यंत एक दिवस पण चुकवायच्या नाहीत, नाहीतर स्टेंट आतून बंद होऊ शकतो. वर बीपीची, शुगरची, कोलेस्टेरॉलची. योजनेतून दिलेली औषधं दहा दिवसांत संपली आणि मेडिकलमध्ये महिन्याचा हिशोब काढला तर आईच्या तीन-चार दिवसांच्या मजुरीएवढा. परत तेच गणित. जनऔषधीतून (सरकारी योजनेतलं स्वस्त औषधांचं दुकान) घेतली तर बरीच स्वस्त पडतात, तिथं रक्त पातळ करायची घेतो. बाकीच्यांसाठी आशाताईंनी विचारलं, "आपला दवाखान्यात का येत नाही तुम्ही?"

मला वाटलं हा पण सकाळचाच असणार. नाही. हिंदुहृदयसम्राट बाळासाहेब ठाकरे आपला दवाखाना म्हणून 1 मे 2023 ला राज्यभर सुरू झाले, त्यांची वेळ दुपारी 2 ते रात्री 10. काम करणाऱ्या माणसाला येता यावं म्हणूनच ही वेळ ठेवलीय. आमच्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवर आहे. म्हणजे श्रावणात चिठ्ठी मिळाली त्या दिवशी पण तो उघडा होता, आई रात्री आठला माझ्याबरोबर चालत जाऊन बीपीची गोळी घेऊन येऊ शकली असती. चिठ्ठीवर सकाळच्या केंद्राचं नाव होतं म्हणून आम्ही तेवढंच धरून बसलो. कुणाला दोष देत नाही, पण हे मनातून जात नाही.

आता महिन्यातून एकदा जातो. बीपी, शुगर, आणि महिन्याभराच्या गोळ्या एकदमच देतात, हे फार बरं आहे, आठवड्याच्या दिल्या असत्या तर आईनं दुसऱ्या महिन्यातच सोडलं असतं. मागच्या वेळी बीपी 134 वर 82 होतं. शुगर अजून वर-खाली होते कारण भात सुटत नाही, ज्वारीची भाकरी खा म्हणतात, आमच्या सोलापुरात भाकरीला काय तोटा, पण आईला रात्री भातच लागतो.

एक अजून सांगते, युनियनमधल्या एका जुन्या ताईंकडून कळलं. विडी कामगारांसाठी 1976 चा कायदा होता, विडीवर उपकर लावून त्याचा कल्याण निधी, त्यातून विडी कामगारांचे दवाखाने, पोरांना शिष्यवृत्ती, घरासाठी मदत. 2017 ला जीएसटी आला आणि तो उपकर गेला. आईचं ते ओळखपत्र त्या काळातलं, प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं. ताई म्हणाल्या कार्ड जपून ठेव, दवाखाने अजून आहेत. पण आमच्या वयाच्या ज्या मुली आता घरी बसून वळतात त्यातल्या कितीतरी जणींकडं कार्डच नाही, हजेरी दुसऱ्याच्या नावावर, म्हणजे कागदावर त्या विडी कामगार पण नाहीत. त्यांचं कोण मोजणार?

आई सहा आठवडे बसून होती, मग परत वळायला लागली, आता चारशेच्या वर वळत नाही, दर तासाला उठून गल्लीत एक फेरी मारते. दुपारी चार-पाच जणी आमच्या ओट्यावर सुपं घेऊन बसतात, तिथं आईनं आशाताईंपेक्षा जास्त काम केलंय. जबडा दुखला, दम लागला, घाम आला की पित्त समजू नका, हे ती प्रत्येक नवीन बाईला सांगते, स्वतःचं मनगट दाखवते जिथून तार आत घातली होती. अक्काचं बीपी 170 निघालं, तिच्या पण गोळ्या चालू झाल्या. गर्भाशयाच्या तपासणीला आधी नाही म्हणाली होती ती आई मागच्या महिन्यात तीन जणींना घेऊन स्वतः गेली, म्हणाली एवढं सगळं करून झालं आता कसली लाज.

मी एक वही केलीय, गल्लीतल्या सोळा घरांची. तीस वर्षांवरचं कोण कोण, बीपी मोजलं का, राशनकार्डाला बारा अंकी नंबर आहे का, आधारला मोबाईल कुणाचा लिंक आहे, आधारवरचं आणि राशनवरचं नाव जुळतं का. आजारी पडायच्या आधी कागद जुळवून ठेवले तर दवाखान्याच्या जिन्यामागं रडत बसायची वेळ येत नाही. सोळापैकी नऊ घरांत काही ना काही चुकीचं निघालं, चार घरांचं दुरुस्त झालं. अक्काच्या जावेचं नाव तर कार्डावरून गळूनच गेलंय, तिला शुगर आहे, पायाला जखम आहे, भरत नाही. सकाळी तिला कारखाना, मला मशीन. उद्या मी पाचला सुटते, तिला घेऊन आधी आपला दवाखान्यात पाय दाखवणार, कार्डाचं परवा बघू.